हंगाम सरल्यानंतरचे अनुदान

विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरले की सीताबर्डीचे रूप पालटते. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर पोलिसांचे कठडे उभे राहतात, व्हेरायटी चौकातली वाहतूक वळविली जाते आणि विधानभवनाकडे निघालेले मोर्चे त्या कठड्यांपाशी येऊन थबकतात. शेतकऱ्यांचा मोर्चा आला नाही असे अधिवेशन विरळाच. याच परिसरात २३ नोव्हेंबर १९९४ रोजी आपले मागणे घेऊन आलेल्या ११४ गोवारी बांधवांचा चेंगराचेंगरीत बळी गेला. त्यांचे स्मारक आज तेथे उभे आहे. मागणे घेऊन राजधानीच्या दाराशी येणाऱ्या माणसाला दाराबाहेर किती काळ उभे ठेवावे, याचे भान देणारी ती जागा आहे.

१९५३ च्या नागपूर कराराने या प्रदेशाला वर्षातून एक अधिवेशन मिळाले. विदर्भाच्या धान उत्पादकाच्या पदरात त्या अधिवेशनातून अलीकडे जे पडते ते म्हणजे अनुदानाची घोषणा. डिसेंबर २०२२ मध्ये हेक्टरी १५,००० रुपये आणि डिसेंबर २०२३ मध्ये हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, अशा घोषणा याच शहरातून झाल्या. बाके वाजली, हारतुरे झाले. शेतकऱ्यांना अनुदान द्यावे की देऊ नये, हा आता वादाचा विषय उरलेला नाही. कोणताही पक्ष सत्तेवर आला तरी ते दिले जाणार हे उघड आहे. विचार व्हावयास हवा तो ते कोणाला मिळते, केव्हा मिळते आणि कशाच्या मोबदल्यात मिळते याचा. सभागृहात यावर सर्वांत कमी बोलले जाते.

शहरी वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात एक शंका असते, तिचे निरसन आधी केलेले बरे. करदात्याच्या पैशावर शेतकऱ्याला पोसले जाते, असा तो समज आहे. वस्तुतः हिशेब नेमका उलटा आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१८ मध्ये भारतीय शेतीधोरणाचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात २००० ते २०१६ या काळात खते, वीज, पाणी यांवरील सारी अनुदाने जमेस धरूनही भारतीय शेतकऱ्याला मिळालेला एकूण आधार उणे निघाला. शेतीच्या ढोबळ प्राप्तीच्या सरासरी सुमारे १४ टक्के इतके हे उणे होते. निर्यातबंदी, साठ्यावरील मर्यादा आणि ऐन हंगामात खुली केलेली आयात यांनी भाव पाडून जे काढून घेतले, ते दिलेल्या अनुदानाहून अधिक भरले. शरद जोशी यांनी कित्येक वर्षे आधी उणे अनुदानाचा सिद्धांत मांडला तेव्हा तो अनेकांना अतिशयोक्तीचा वाटला होता. परदेशी तज्ज्ञांनी आकडे मांडल्यावर मात्र कोणी हरकत घेतली नाही.

विदर्भाला याची प्रचीती वारंवार आली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेला. त्याच महिन्यात केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली आणि नवे पीक बाजारात येईपर्यंत भाव निम्म्यावर उतरला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सोयाबीनच्या वायदेबाजारावर बंदी आली. कापसाचेही तसेच. फेब्रुवारी २०२१ मध्ये बसविलेले ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्ट २०२५ रोजी उठविण्यात आले. ही सवलत आरंभी सप्टेंबरअखेरपर्यंत होती, ती पुढे वर्षअखेरपर्यंत वाढविली गेली. म्हणजे वऱ्हाडातला कापूस घरात येण्याचा सारा काळ तिच्यात आला. गिरणीमालकांची अडचण खोटी होती असे नव्हे. अमेरिकेच्या वाढीव आयातकरामुळे वस्त्रोद्योग संकटात होता हे खरेच. परंतु त्या संकटाचा भार कोणी वाहावा हे ठरविताना ज्याचा आवाज दिल्लीपर्यंत पोहोचत नाही त्याची निवड झाली. अशा शेतकऱ्याला मिळणारे अनुदान हे दान नसून घेतलेल्या रकमेची अंशतः परतफेड आहे.

आता ही परतफेड कशी होते ते पाहू. २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांसाठी राज्य शासनाने हेक्टरी ५,००० रुपयांचे अर्थसाहाय्य जाहीर केले. मर्यादा दोन हेक्टरांची, ०.२ हेक्टरहून कमी क्षेत्र असल्यास सरसकट १,००० रुपये. एकूण तरतूद सुमारे ४,१९४ कोटी रुपयांची. रक्कम लहान नाही आणि हेतूबद्दलही शंका घेण्याचे कारण नाही. परंतु तारखा लावून पाहाव्यात. पीक निघाले ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये. घोषणा झाली जून २०२४ अखेरच्या अर्थसंकल्पात, शासननिर्णय निघाला जुलैअखेर, आणि पैसे खात्यांवर जमा होऊ लागले ३० सप्टेंबर २०२४ रोजी. त्यानंतर पंधरा दिवसांनी विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली. शासनाने या योगायोगाचा खुलासा केला नाही आणि कोणी मागितलाही नाही.

भाव पडल्याची भरपाई म्हणून हे साहाय्य होते. कोरडवाहू शेतकऱ्याचा कापूस दिवाळीनंतर घरात फार काळ राहत नाही. वेचणीची मजुरी रोख द्यावी लागते, कृषी केंद्राची उधारी असते, सावकाराचा तगादा असतो. तो मिळेल त्या भावाने माल देऊन मोकळा होतो. भरपाईचा पैसा त्या वेळी त्याच्या हाती असता, निदान तो मिळणार हे त्याला निश्चित ठाऊक असते, तर तो महिनाभर थांबू शकला असता. अकरा महिन्यांनी आलेल्या पैशाने त्याची गतवर्षीची विक्री बदलत नाही. पुढच्या हंगामाच्या पेरणीलाही तो उपयोगी पडत नाही, कारण तोवर पेरणी होऊन पीक काढणीस आलेले असते.

रकमेचा हिशेब आणखी उद्बोधक आहे. हेक्टरी दहा क्विंटल उत्पन्न धरले तर ५,००० रुपये म्हणजे क्विंटलमागे ५०० रुपये होतात. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या वर्षी ७,०२० रुपये आणि सोयाबीनचा ४,६०० रुपये होता; तेव्हा ही भरपाई अगदीच क्षुल्लक नव्हती. पण २०२३ च्या ऑगस्टमध्ये पावसाने दीर्घ खंड दिला आणि सप्टेंबरमध्ये नागपूर, चंद्रपूर भागांत पिवळ्या मोझॅकने सोयाबीन उभ्याने वाळले. ज्याच्या शेतात दहा क्विंटल पिकले त्याला पाच हजार, आणि ज्याने दोन क्विंटलांवर समाधान मानले त्यालाही पाच हजार. भावातील तुटीची भरपाई आणि पीकबुडीची मदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच रकमेत कोंबल्या की दोन्हींपैकी एकीचेही समाधान होत नाही. जाहिरात मात्र सोपी होते.

क्षेत्रावर आधारलेले हे सूत्र आले कोठून? त्याचे मूळ धानाच्या बोनसमध्ये सापडते. २०१९-२० आणि २०२०-२१ या वर्षांत भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर आणि नागपूर जिल्ह्यांतील धान उत्पादकांना हमीभावाव्यतिरिक्त क्विंटलला ७०० रुपये मिळाले. क्विंटलवर बोनस आहे म्हटल्यावर शेजारच्या राज्यांतील स्वस्त धान इकडे येऊ लागले. येथल्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर ते केंद्रात मोजले जाई आणि बोनस व्यापाऱ्याच्या पदरात पडे. हा गैरप्रकार रोखावयाचा म्हणून शासनाने क्विंटल सोडून हेक्टर धरला. कारण रास्त होते. तथापि चोर ज्या दाराने शिरत होता ते बंद करताना दुसरे उघडे राहिले. केवळ नोंदणीवर पैसे मिळतात असे झाले की नोंदणीच पिकू लागते, आणि ज्या जमिनीत धानाची लोंबी दिसली नाही तिच्याही नावाने अर्ज येतात. मौदा-रामटेकच्या बांधावर उभ्या असलेल्या खऱ्या धानकऱ्याला मग प्रत्येक कागद दोनदा सिद्ध करावा लागतो.

संत्र्याच्या बाबतीत तर उत्पादक हा हिशेबातच नाही. काटोल-नरखेडच्या संत्र्याला बांगलादेशची बाजारपेठ हा मोठा आधार होता. त्या देशाने आयातशुल्क वाढवीत नेले आणि २०२३ पर्यंत ते किलोमागे ८८ टक्यांवर पोहोचले. बागा तोडणीला आल्या आणि गिऱ्हाईक नाही, अशी अवस्था झाल्यावर २०२३ च्या अखेरीस राज्याने या शुल्काचा निम्मा भार उचलण्याचे ठरविले. पण ते अनुदान निर्यातदाराला. बागाईतदाराने आपला बहार झाडावर असतानाच विकलेला असतो. वाढलेल्या भावातला किती वाटा निर्यातदाराकडून त्याच्यापर्यंत झिरपेल, हे सांगणारे कलम योजनेत नव्हते.

कापूस एकाधिकार खरेदीची आठवण या संदर्भात अपरिहार्य ठरते. १९७१ च्या कायद्याने आलेली आणि १९७२ च्या हंगामापासून अमलात आलेली ती योजना आज टिंगलीचा विषय झाली आहे आणि त्याला कारणेही आहेत. चुकारे हप्त्याहप्त्याने मिळत, ग्रेडरच्या मर्जीवर प्रतवारी ठरे, परराज्यात भाव चढला की रातोरात गाड्या सीमेपार जात; तोटा साचत गेला आणि २००२ मध्ये खाजगी खरेदीला मुभा देऊन योजनेचा एकाधिकार संपुष्टात आला. हे सारे मान्य करूनही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. त्या योजनेत हमीची किंमत हंगामाआधी जाहीर होत असे आणि नफा झाल्यास वाढीव भावाचा वाटा उत्पादकाला मिळण्याचे सूत्र कायद्याने बांधलेले होते. तो वाटा हा कोणा मंत्र्याच्या औदार्याचा प्रश्न नव्हता. आजच्या अनुदानामागे असा कोणताही कायदा नाही. एका शासननिर्णयाने ते येते आणि दुसरा निघाला नाही तर येत नाही. २०२१-२२ मध्ये धानाचा बोनस मिळाला नाही, तेव्हा त्याविरुद्ध दाद मागण्याची कोणतीही जागा शेतकऱ्याला नव्हती.

पॅकेज नावाच्या प्रकाराबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्यात निम्म्या अनुदानावर दुभत्या गाईही होत्या. जेथे बैलांच्या वैरणीची वानवा तेथे संकरित गाय कशी जगावी, याचा विचार गाय घरी आल्यावर झाला. नागपूर जिल्ह्यातला कापूस उत्पादक त्या यादीत नव्हता. जिल्ह्याच्या सीमेने त्याला संकटमुक्त ठरविले होते. २००८ च्या कर्जमाफीत पूर्ण माफीसाठी दोन हेक्टरांची अट आली. पाटाच्या पाण्याखालील दोन हेक्टर आणि मुरमाड कोरडवाहू दोन हेक्टर यांना एकाच मापाने मोजणाऱ्या त्या अटीने विदर्भातील असंख्य थकबाकीदार पूर्ण माफीबाहेर राहिले. त्यानंतर जी जी योजना आली तिने दोन हेक्टरांचे हे माप बहुधा जसेच्या तसे उचलले आहे. कोरडवाहू प्रदेशात चार हेक्टरांचा धनीही गरीब असू शकतो, हे सचिवालयाला पटविण्यास किती वर्षे लागावीत?

परंतु या सर्व त्रुटींपेक्षा गंभीर अशी एक त्रुटी आहे आणि ती प्रत्येक योजनेत सारखीच आहे. अनुदान सातबाऱ्यावरील नावाला मिळते. जमीन कसणाऱ्याला मिळतेच असे नाही. विदर्भात मक्त्याने वा बटईने शेती करणाऱ्यांची संख्या वाढत आहे, हे गावोगाव हिंडणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. जमीनमालकाचा मुलगा शहरात नोकरीला लागलेला असतो, वृद्ध आईबापांच्याने शेती होत नाही. गावातील एखादा अल्पभूधारक किंवा भूमिहीन ती ठरीव रकमेवर कसतो. मक्त्याची रक्कम बहुधा आधीच मोजावी लागते. बियाणे त्याचे, खत त्याचे, बोंडअळी आली तर नुकसानही त्याचे. अनुदान मात्र नागपुरात वा पुण्यात राहणाऱ्या मालकाच्या खात्यावर जमा होते, आणि त्यातील काही भाग मक्तेदाराला द्यावा की नाही हे त्याच्या सद्सद्विवेकावर अवलंबून राहते.

मालकांना केवळ लोभी ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. विदर्भापुरता वेगळा असा १९५८ चा कूळकायदा येथे लागू आहे. कसणाऱ्याचे नाव कागदावर आले की जमीन हातची जाईल, ही धास्ती या प्रदेशात तीन पिढ्या मुरलेली आहे. त्यामुळे मक्त्याचा व्यवहार तोंडी होतो, दरवर्षी शेत बदलले जाते, आणि कसणारा शासनाच्या दृष्टीने अस्तित्वातच राहत नाही. कुळाच्या रक्षणासाठी झालेल्या कायद्याने आजच्या कुळाला अदृश्य करावे, हा दैवदुर्विलास आहे. पंतप्रधान किसान सन्मान निधीची वार्षिक ६,००० रुपयांची रक्कम असो वा २०२३ पासूनची राज्याची तेवढ्याच रकमेची नमो योजना असो, दोन्ही मालकीच्या नोंदीवर चालतात. पहिलीत तर १ फेब्रुवारी २०१९ या दिवशी जमीन कोणाच्या नावे होती हे पाहिले जाते. वारसाहक्काने आलेली जमीन वगळता त्यानंतरचा नवा मालक अपात्र ठरतो.

स्त्रियांची गत याहून निराळी नाही. निंदण, खुरपण, वेचणी ही कामे प्रामुख्याने त्यांच्या हातची. सातबाऱ्यावर नाव सासऱ्याचे किंवा नवऱ्याचे. नवरा गेल्यावर फेरफार होईपर्यंत त्या घराला अनुदान नाही, आणि फेरफार दिरांच्या संमतीवर अडतो. २०२३ च्या खरिपाच्या अर्थसाहाय्यातही सामायिक खात्यांसाठी इतर खातेदारांचे ना हरकत पत्र मागितले गेले. एक भाऊ पुण्यात, एक सुरतेला, बहीण सासरी. पाच हजारांसाठी ही माणसे गोळा करण्याचा खर्च कोणी मोजला आहे काय? जिच्या स्वतःच्या नावावर जमीन आहे अशा दुर्मीळ स्त्रीला वेगळाच न्याय मिळाला. किसान सन्मान व नमो योजनेचे मिळून महिन्याला १,००० रुपये तिला मिळतात म्हणून लाडकी बहीण योजनेतील १,५०० रुपयांऐवजी केवळ ५०० रुपये तिच्या वाट्यास आले. शेतीच्या तोट्याची भरपाई आणि घरखर्चाला मदत हे एकच आहे, असे शासनाने यातून अप्रत्यक्षपणे जाहीर केले आहे.

यंत्रणेने नवे मार्ग शोधले नाहीत असे नाही. ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः भ्रमणध्वनीवरून पिकाची नोंद करावी अशी ई-पीक पाहणी आली. कल्पना उत्तम होती, कारण शेतात काय उभे आहे हे तलाठ्याने चावडीत बसून लिहिण्याची जुनी रीत तिने मोडली. परंतु ज्या शिवारात संपर्काची रेघ दिसत नाही तेथे नोंद कशी व्हावी? नोंद नाही म्हणून २०२४ मध्ये हजारोंची नावे यादीत आली नाहीत, ओरड झाली, आणि अखेर ती अट शिथिल करून सातबाऱ्यावरील पीकनोंद ग्राह्य धरावी लागली. २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक करण्यात आला आहे. तोही भूमी अभिलेखाशी जोडलेला असल्यामुळे मक्तेदाराला त्यात स्थान नाही. साधने बदलली, पण प्रश्न मालक कोण असाच विचारला जात आहे.

दुसरीकडे काय घडले हे पाहणे येथे उपयोगी पडेल. चंद्रपूर-यवतमाळच्या सीमेपलीकडे तेलंगणाने २०१८ मध्ये रयतू बंधू योजना आणली. तिच्यात पैसा पेरणीच्या आधी मिळे. परंतु क्षेत्राला कमाल मर्यादा नसल्याने मोठ्या जमीनदारांना मोठी रक्कम गेली, आणि कसणारे कूळ तेथेही बाहेरच राहिले. मध्य प्रदेशाने २०१७ मध्ये भावांतर योजनेखाली बाजारभाव व हमीभाव यांतील अंतर भरून देण्याचे ठरविले, तेव्हा ठरावीक मुदतीत माल विकण्यासाठी गर्दी उसळून मंड्यांतले भाव आणखी खाली गेले. आंध्र प्रदेशाने मात्र २०१९ मध्ये पीक लागवडदारांच्या हक्कांचा कायदा केला. अकरा महिन्यांचा साधा लेखी करार, त्याने जमिनीच्या मालकीला यत्किंचितही बाध येणार नाही याची स्पष्ट हमी, आणि त्या कराराच्या बळावर कसणाऱ्याला पीककर्ज, विमा व साहाय्य. मालक सही करण्यास कचरतात, अशा तक्रारी तेथेही आहेत. तरीही मालकाची धास्ती आणि कसणाऱ्याची गरज या दोहोंना एकाच कागदावर आणण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न आहे, आणि महाराष्ट्राला तो अभ्यासण्यास अडचण नसावी.

निदान तीन गोष्टी या राज्यात विनाविलंब होऊ शकतात. अनुदान द्यावयाचे असेल तर त्याचे सूत्र पेरणीपूर्वी, मे महिन्यात, जाहीर व्हावे. हमीभावाहून बाजारभाव किती खाली गेला तर किती रक्कम आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे त्यात असावे. पात्र आणि अपात्र अशा दोन्ही याद्या कारणांसह ग्रामपंचायतीच्या फलकावर लागाव्यात. आज अपात्र शेतकऱ्याला आपण का वगळले गेलो हे कळण्यासाठी तालुक्याला खेटे घालावे लागतात. आणि मक्त्याच्या तोंडी व्यवहाराला मालकीहक्कापासून अलग अशी हंगामापुरती नोंद मिळावी. शेवटची गोष्ट कठीण आहे, कारण तीसाठी १९५८ च्या कायद्याला हात घालावा लागेल आणि ते धाडस करणाऱ्याला मते मिळतीलच असे नाही.

ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस शेतकऱ्यांनी नागपूरच्या वर्धा मार्गावर ठिय्या दिला, महामार्ग अडला, उच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले आणि शेवटी ३० जून २०२६ पर्यंत कर्जमाफीचा निर्णय घेण्याचे आश्वासन शासनाने दिले. त्या ठिय्यात मक्त्याने शेती करणारेही बसले असणार. त्यांच्या नावावर बँकेचे पीककर्ज नसते, कारण सातबारा नसतो. त्यांचे कर्ज कृषी केंद्राच्या वहीत आणि सावकाराच्या कागदावर असते. निकषांचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या समितीपुढे या वह्यांचा प्रश्न मांडण्याचे काम विदर्भातील आमदारांचे आहे, आणि त्यासाठी त्यांना सीताबर्डीच्या कठड्याअलीकडे येऊन उभ्या असलेल्या माणसांना एकच गोष्ट विचारावी लागेल: शेत कोणाचे, आणि कसतो कोण?